तिकीट काढून पाहिलेली प्रार्थना

तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात फिरोजी रंगाच्या उंच, चुणीदार घुमटाखाली सुफी संतकवी मौलाना जलालुद्दीन रूमी यांची कबर आहे. दारावरची पाटी सांगते की हे संग्रहालय आहे. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत शिरायचं, काचेच्या पेट्यांमधली कुराणाची जुनी हस्तलिखितं आणि ‘मसनवी’ या रूमींच्या काव्याची 1278 सालची प्रत पाहायची आणि रांगेबरोबर पुढे सरकायचं. इथवर सगळं कुठल्याही संग्रहालयासारखं. कबरीसमोर आल्यावर मात्र रांग अडते. भरजरी चादरीखालच्या त्या भल्यामोठ्या कबरीपुढे डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका दोन्ही तळवे वर करून पुटपुटत उभ्या असतात. एखादीच्या गालावरून पाणी ओघळत असतं. तिच्या खांद्यावरून कुणीतरी मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत असतो. दोघं एकाच दारातून आत आले, दोघांच्या बुटांवर सारख्याच पिशव्या आहेत, आणि सरकारदरबारी दोघांची नोंद ‘संग्रहालयाला भेट देणारे’ अशीच होणार आहे.

पहिल्यांदा तुर्कस्तानला निघालेल्या मराठी प्रवाशाला हे दृश्य कुठे ना कुठे भेटतंच. सहलीच्या पत्रकात इस्तंबूलच्या मशिदी असतात, कप्पाडोक्याचे बलून असतात, पामुक्कलेच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या असतात आणि एका संध्याकाळी ‘गिरक्या घेणारे दर्वेश’ असतात. पत्रकात त्यापुढे ‘कार्यक्रम’ असं छापलेलं असतं. दोन प्रश्न मात्र तिथे कुणी छापत नाही. दुसऱ्याची उपासना तिकीट काढून बघणं योग्य आहे का? आणि बघणाऱ्यांसाठी केलेली उपासना ही उपासना उरते का? हे प्रश्न जगात कुठेही विचारता येतील. तुर्कस्तानात ते जास्त टोचतात, कारण कुठे भक्ती करायची आणि कुठे नुसतं बघायचं हे त्या देशात गेली शंभर वर्षं कायदा ठरवत आला आहे.

ऑटोमन साम्राज्य मोडून 1923 साली प्रजासत्ताक उभं राहिलं. 3 मार्च 1924 रोजी खिलाफत रद्द झाली, आणि त्याच दिवशी ‘दियानत’ या सरकारी धर्मखात्याचा जन्म झाला. राज्य धर्मनिरपेक्ष, पण मशिदीतल्या इमामाचा पगार सरकारी तिजोरीतून, अशी ही व्यवस्था आजही चालू आहे. त्यात सुफी पंथांना जागा नव्हती. 1925 च्या सुरुवातीला नक्शबंदी पंथाचे शेख सैद यांनी पूर्वेकडे बंड पुकारलं. ते मोडून काढल्यावर त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला 677 क्रमांकाचा कायदा आला. सगळे मठ बंद. कबरींना कुलपं. ‘शेख’, ‘दर्वेश’, ‘मुरीद’ असली बिरुदं लावणं हा गुन्हा. पहिल्या महायुद्धात सुलतानाच्या फौजेबरोबर स्वयंसेवकांची अख्खी पलटण पाठवणाऱ्या मेवलेवी पंथालाही, म्हणजे रूमींच्या पंथालाही, यातून सूट मिळाली नाही. कोन्याचा मठ 1927 साली पुन्हा उघडला तो पुराणवस्तूंचं संग्रहालय म्हणून.

म्हणजे कबर तीच, घुमट तोच, येणारी माणसंही बरीचशी तीच. बदलली ती पाटी.

मग मेवलेवींची ती गोल फिरण्याची उपासना, तिचं काय झालं? तिला ‘सेमा’ म्हणतात. पंचवीस-तीस वर्षं ती बंद दारांआड, चार विश्वासू माणसांत कशीबशी जगली. 1950 च्या दशकात कोन्यात रूमींच्या पुण्यतिथीला सेमा करायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, धार्मिक विधी नव्हे. पुढे पॅरिस, लंडन, अमेरिका असे दौरेही झाले. कोन्यातला डिसेंबरचा मुख्य सोहळा कित्येक वर्षं क्रीडासंकुलाच्या सभागृहात होत असे. जिथे एरवी बास्केटबॉलचे सामने चालत, तिथे काळे झगे घातलेली माणसं येऊन माना झुकवत. खुर्च्यांवर पाहुणे, अधिकारी आणि पर्यटक.

प्रेक्षक आला की भक्तीचा तमाशा होतो, असं आपण सहज म्हणून जातो. कोन्याचा इतिहास नेमका उलटा आहे. ज्याला आपल्या गुरुपरंपरेप्रमाणे देहाने नामस्मरण करायचं होतं, त्याच्यापुढे कायदेशीर वाट एकच होती: प्रेक्षकांसमोर ते करायचं आणि त्याला कार्यक्रम म्हणायचं. खुर्च्यांवरची माणसं तिथे अडचण नव्हती, आडोसा होती. प्रेक्षक नसते तर त्या विधीला कायद्याने नाव उरलं असतं ते फक्त गुन्ह्याचं.

हा विधी आहे तरी कसा, हे जवळून पाहायला हवं. सुरुवातीला पैगंबरांची स्तुती गायली जाते. तिची चाल सतराव्या शतकातल्या इत्री या संगीतकाराची मानली जाते. मग ‘नेय’ या बोरूच्या बासरीचा एकटा, लांबलेला सूर. मग सगळे जमिनीवर तळवे आपटून उठतात आणि गुरूमागून संथपणे तीन फेऱ्या घालतात. मेंढीच्या तांबड्या कातड्याच्या आसनापाशी आला की प्रत्येक जण वळून मागच्याला सामोरा होतो, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहून वाकतात. या तीन फेऱ्यांनाच बराच वेळ जातो, आणि कंटाळलेला पर्यटक इथेच घड्याळ बघायला लागतो. त्यानंतर काळे झगे उतरतात. डोक्यावरची उंच नमदी टोपी म्हणजे थडग्याचा दगड, काळा झगा म्हणजे कबर, आत नेसलेला पांढरा घेर म्हणजे कफन. माणूस आपली कबर खांद्यावरून उतरवून कफनात उभा राहतो, गुरूच्या हाताचं चुंबन घेतो आणि फिरू लागतो.

डावा पाय जमिनीला खिळलेला. त्याला ते खांब म्हणतात. उजवा पाय चाक. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. प्रत्येक गिरकीला मनात ईश्वराचं नाव. असे चार टप्पे होतात. दर टप्प्याअखेर सगळे एकदम थांबतात आणि ते पांढरे घेर पायांभोवती लपेटत हळूहळू खाली बसतात. दोन फिरणाऱ्यांचे हात एकमेकांना लागू नयेत म्हणून एक ज्येष्ठ दर्वेश काळ्या झग्यातच त्यांच्यामधून चालत असतो आणि कुणी आत यायचं, कुणी कडेने फिरायचं हे खुणेने सांगत असतो. शेवटी कुराणपठण, फातिहा, आणि माणसं एकेक करून निघून जातात. प्रेक्षकांकडे वळून कुणी वाकत नाही.

हे एका रात्रीत शिकता येत नाही. जुन्या मठात साधकाला 1001 दिवस स्वयंपाकघरात सेवा करावी लागे. पहिले तीन दिवस तर दाराजवळच्या एका आसनावर नुसतं बसून बघायचं, आणि हे झेपेल का ते स्वतःशी ठरवायचं. म्हणजे या परंपरेची पहिली पायरीच मुळी बघण्याची आहे. फिरण्याचा सराव लाकडी फळीवर चाले. फळीच्या मध्यावर खिळा असे, तो डाव्या पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरायचा, आणि कातडी सोलली जाऊ नये म्हणून तिथे मीठ टाकायचं. कोन्याच्या संग्रहालयात ते स्वयंपाकघर आता पुतळे मांडून दाखवलेलं आहे.

याउलट इस्तंबूलच्या पर्यटक वस्तीतल्या काही उपाहारगृहांत रात्री जे चालतं तेही पाहावं. टेबलांच्या मधोमध छोटासा लाकडी चौथरा, त्यावर एकटा माणूस, ध्वनिमुद्रित बासरी, दहा-पंधरा मिनिटांच्या गिरक्या. भोवती कबाबच्या थाळ्या. ना तीन फेऱ्या, ना गुरू, ना झगा उतरवणं. युनेस्कोने सेमाला 2005 मध्ये गौरवलं आणि 2008 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही व्यापारी सोयीसाठी विधी कापून सोपा केला जातो याची नोंद केली होती. ही काटछाट बघितली की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयारच आहे असं वाटतं: हा धंदा आहे, प्रार्थना नव्हे.

पण इथे थोडं थांबायला हवं, कारण इस्लामी विचारवंतांनी या गोष्टीचा आपल्यापेक्षा फार आधी आणि फार बारकाईने कीस काढला आहे. लोकांनी बघावं म्हणून केलेल्या भक्तीला तिथे ‘रिया’ म्हणतात आणि तिची गणना मोठ्या दोषांत होते. अकराव्या-बाराव्या शतकातल्या अल-गझालींनी तिच्यावर सविस्तर लिहिलं. खोरासानातले मलामती पंथीय तर इतके पुढे गेले की आपली भक्ती लपवण्यासाठी लोकांकडून मुद्दाम निंदा ओढवून घ्यायचे. मात्र त्याच परंपरेत याची दुसरी बाजूही सांगितली जाते: लोक बघताहेत म्हणून चांगलं काम सोडून देणं हीदेखील रियाच. दोन्ही वेळा माणसाचं लक्ष देवाकडे नाही, लोकांच्या नजरेकडे आहे. हा युक्तिवाद मान्य केला तर चौथऱ्यावरच्या त्या एकट्या माणसाचा निवाडा समोर जेवत बसलेल्याला करता येणार नाही. विधीचं काय झालं ते मात्र त्याला डोळ्यांनी दिसतं. माणसाची भक्ती शाबूत असेलही. विधीचे हात-पाय तुटलेले आहेत.

इस्तंबूलच्या आयासोफियात हाच प्रश्न दगडाच्या भाषेत उभा आहे. 537 साली सम्राट जस्टिनियनच्या काळात पूर्ण झालेलं हे चर्च 1453 मध्ये मशीद झालं, 1934 च्या सरकारी निर्णयाने संग्रहालय झालं, आणि 10 जुलै 2020 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केल्यावर पुन्हा मशीद झालं. मूळ इमारत मक्केच्या रोखाने बांधलेली नसल्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, चर्चच्या मध्यरेषेपासून जरा उजवीकडे सरकवलेला आहे, आणि नमाजींच्या रांगाही इमारतीशी तिरक्या पडतात. हा एवढासा कोन म्हणजे त्या वास्तूचा सगळा इतिहास. वर मरियम आणि बाळ येशूचं सोनेरी मोझॅक आहे. नमाजाच्या वेळी ते पडद्याआड जातं.

जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांसाठी वेगळं दार आणि वेगळं तिकीट आहे. 25 युरो मोजून ते थेट वरच्या सज्ज्यात जातात. खालचा गालिचा नमाज पढणाऱ्यांचा. यावर बरीच ओरड झाली. खरं तर ही विभागणी निदान प्रामाणिक आहे: खाली उपासना, वर बघे, आणि कोण कोण आहे याबद्दल घोळ नाही. आक्षेपच घ्यायचा तर दुसऱ्या गोष्टीला घ्यावा. जिथे नऊशे वर्षं ग्रीक प्रार्थना झाल्या, तिथल्या ख्रिस्ती माणसाच्याही हाती वरच्या सज्ज्याचंच तिकीट येतं. वान सरोवरातल्या अक्दामार बेटावरचं दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च आणि ट्राब्झोनजवळच्या कड्याला चिकटलेला सुमेला मठ या दोन ठिकाणी 2010 पासून वर्षातून एकदा प्रार्थनेची मुभा मिळू लागली. उरलेलं वर्षभर तिथे संग्रहालयाचे नियम. पावित्र्य तारीखवार वाटून देता येतं, असा राज्यकर्त्यांचा समज दिसतो.

मराठी वाचकाला ही वाटणी अगदीच परकी नाही. वेरूळला कैलास लेण्यात पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं आणि तिथून जवळच घृष्णेश्वराला अभिषेकाची रांग लागते. देव एकच, दप्तरं दोन.

अलेवी समाजाच्या वाट्याला तर याहून विचित्र गोष्ट आली. मशिदीऐवजी ‘जेमएवी’त जमणाऱ्या, बाया-पुरुषांनी मिळून, सझ या तंतुवाद्याच्या साथीवर ‘समाह’ फिरणाऱ्या या समाजाची ती घरं कायद्याने प्रार्थनास्थळं मानली जात नाहीत. मशिदीला मिळणारी विजेच्या बिलाची सवलत आपल्यालाही मिळावी म्हणून त्यांना युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि 2014 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने अलेवींसाठी खास कार्यालय काढलं. ते धर्मखात्यात नाही, संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयात आहे. लाखो माणसांची श्रद्धा ज्या खात्याकडे सोपवली, तेच खातं बलूनच्या सफरींची जाहिरातही करतं. अलेवींच्या अनेक संघटनांनी यावर चिडून निषेध केला, त्यात नवल नाही.

लोक मात्र या पाट्या-परवान्यांना फारसं जुमानत नाहीत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी बघावं ते हेच. इस्तंबूलच्या एयुप भागात पैगंबरांचे सहकारी अबू अय्यूब अन्सारी यांची कबर आहे. तुर्कस्तानात अशा कबरींपाशी फलक असतात: इथे नवस बोलू नये, मेणबत्ती लावू नये, चिंध्या बांधू नयेत, मृताकडे काही मागू नये. फलकाच्या शेजारीच सुंता व्हायची असलेली मुलं राजपुत्राच्या पांढऱ्या पोशाखात, छातीवर ‘माशाअल्लाह’ लिहिलेला पट्टा मिरवत उभी असतात आणि आजी जाळीला कपाळ टेकून नेमकं काहीतरी मागत असते. बॉस्फरसच्या काठावर तेल्ली बाबाच्या कबरीवरून लग्नाळू मुली चंदेरी जरीची तार घेऊन जातात आणि लग्न झालं की नवरीच्या पोशाखात ती परत करायला येतात.

याहूनही चकित करतो तो 23 एप्रिल. त्या दिवशी तुर्कस्तानात राष्ट्रीय सुट्टी असते आणि संत जॉर्जचा सणही असतो. इस्तंबूलजवळच्या ब्युयुकअदा बेटावर त्याचा ग्रीक मठ टेकडीच्या माथ्यावर आहे. पहाटेपासून बोटी भरभरून माणसं येतात, आणि त्यांतली बहुसंख्य मुसलमान असतात. पायथ्याशी झुडपाला दोऱ्याचं टोक बांधायचं आणि रीळ उलगडत चढ चढायचा. दोरा न तुटता वर पोचला तर मागणं पुरं होतं, अशी समजूत. दुपारपर्यंत दगडी वाटेच्या दोन्ही कडांना लाल-निळ्या-पिवळ्या दोऱ्यांची जाळी पसरते. गेल्या वर्षी ज्यांचं मागणं पुरं झालं ते साखरेचे चौकोनी खडे वाटत असतात. वर पाद्री सगळ्यांना आशीर्वाद देतो. कोण कुठल्या धर्माचा हे तो विचारत नाही.

हे सगळं कुणी बघायला आलं नसतं तरी झालं असतं. प्रवाशाने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणून ही कसोटी बरी वाटते: मी इथे नसतो तर हे घडलं असतं का? ब्युयुकअदाला उत्तर ‘हो’ येतं, उपाहारगृहातल्या चौथऱ्यापाशी ‘नाही’. पण क्रीडासंकुलातल्या कोन्याला ही कसोटी लावली की ती मोडते. तिथे बघणारे नसते तर काहीच घडलं नसतं, आणि तरीही फिरणाऱ्यांपैकी अनेकांसाठी ती प्रार्थनाच होती. तेव्हा प्रेक्षक असणं हा गुन्हा नाही. प्रेक्षक काय मागतो यावर सगळं ठरतं. त्याने जेवताजेवता बघायला मागितलं, पंधरा मिनिटांत आटोपायला सांगितलं, कंटाळवाण्या तीन फेऱ्या गाळायला लावल्या, की विधी त्याच्या मापाने कापला जातो. विधीच्या लांबीएवढा वेळ द्यायची त्याची तयारी असेल, तर त्याच्या तिकिटाने फारसं बिघडत नाही.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. जेवणासोबतच्या ‘दर्वेश रात्री’चे पैसे वाचवा. इस्तंबूलहून वेगवान रेल्वेने पाचेक तासांत कोन्याला पोचता येतं. रूमींनी देह ठेवला तो 17 डिसेंबर 1273 रोजी, आणि त्या रात्रीला तिथे ईश्वररूपी प्रियकराशी मीलनाची लग्नरात्र मानतात. आपल्याकडे गावोगाव भरणाऱ्या उरुसामागेही हीच कल्पना आहे. 7 ते 17 डिसेंबर असा सोहळा असतो. तिकिटं आधी काढावी लागतात आणि थंडी बोचरी असते. ते जमलं नाही तर इतर दिवसांतला सेमाही चालेल, किंवा इस्तंबूलमधल्या गलाताच्या 1491 सालच्या मेवलेवी मठातला. तोही आता संग्रहालयच आहे. मशिदींत शुक्रवारी दुपारी जाऊ नये, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, नमाज पढणाऱ्याच्या समोरून चालू नये. आणि सेमा संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत. पुढे सरकारी मंत्री बसलेले असतात, दिवे सरकारी असतात, सोहळाही सरकारच भरवतं. पण 677 क्रमांकाचा कायदा अजून रद्द झालेला नाही, राज्यघटनेच्या 174 व्या कलमाने त्याला आजही संरक्षण आहे, आणि समोर फिरणाऱ्या माणसाला स्वतःला दर्वेश म्हणवून घ्यायला कायद्याने अजूनही बंदी आहे.